दहा वर्षांचा प्रबंध, एक वर्षाची वॉरंटी

पीएचडी किती वर्षांत संपवावी, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ च्या नियमावलीत लिहून ठेवलं आहे. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. फेरनोंदणी केली तर आठ. आणि संशोधक बाई असेल तर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा. बायका घरदार सांभाळून प्रबंध लिहितात, याची दिल्लीत कुणीतरी दखल घेतली म्हणून मला भरून आलं. मग मी लॅपटॉपच्या खोक्यावरची वॉरंटी वाचली. एक वर्ष.

हिशेब सरळ होता. पहिलं वर्ष कंपनीच्या भरवशावर, उरलेली नऊ देवाच्या.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि दिवाळी अंकांतल्या जाहिरातींवर पीएचडी करते. विषय ऐकला की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "यावर मिळते?" मिळते. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. तेव्हापासूनची शक्य तेवढी पानं स्कॅन करून नोंदी करायच्या, असं काम आहे. एका अंकाची पीडीएफ उघडली की घरातल्या जुन्या संगणकाचा पंखा असा काही घोंघावतो, की शेजारच्या काकू मिक्सर बंद झाला का म्हणून विचारतात. तेव्हा नवा लॅपटॉप घेणं भागच होतं.

बातमी घरात फुटली आणि सल्ले सुरू झाले. माझे दीर हिंजवडीत नोकरीला आहेत. "वहिनी, नवा कशाला? माझा जुना पडून आहे, घेऊन जा की." दिराचं मन मोठं, पण प्रोसेसर सातव्या पिढीचा. विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. एका पिढीनं संधी हुकलेले लोक आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे बघून हळहळावं, पण त्यांच्यावर प्रबंध लिहू नये. "मग लिनक्स टाकून देतो," भाऊजी म्हणाले. ते देतीलही. पण ते रुसलं की समजूत काढायला दर वेळी हिंजवडीहून कोण येणार?

भाचा शिकायला आमच्याकडेच असतो. तो म्हणाला, "मावशी, ग्राफिक्स कार्डवाला घे." कशाला? "पुढं लागेल." त्यानं दाखवलेल्या मॉडेलचं वजन सव्वादोन किलो, आणि अडॅप्टर म्हणजे वेगळी वीटच. दिवाळी अंकांच्या पीडीएफला ग्राफिक्स कार्ड कुठं लागतं, यावर मी बराच विचार केला. मी रात्री झोपल्यावर हा लॅपटॉप कुणाच्या कामी येणार, हे लक्षात आल्यावर विचार थांबवला.

आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमकडे मॅकबुक एअर आहे. त्याला पंखाच नाही, त्यामुळे तो घोंघावत नाही. मशीन खरोखर देखणं. पण रॅम आणि स्टोरेज दोन्ही कायमचं आत बसवलेलं. घेताना जेवढं घ्याल तेवढंच शेवटपर्यंत. दहा वर्षांत किती लागेल हे पहिल्याच दिवशी सांगायचं! माझ्या प्रबंधात प्रकरणं किती, हे सर कधीपासून विचारताहेत, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांनी त्यांचा प्रबंध हातानं लिहिला आणि टंकलेखकाकडून टाइप करून घेतला. हे ते दर भेटीत सांगतात. आता ते स्वतः संगणकावर टाइप करतात, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट माझ्याकडे नाही. त्यामुळे त्यांचे शेरे माझ्याकडे नुसते कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं होऊन येतात. मार्गदर्शन वेळेवर मिळतं, फक्त वाचता येत नाही. माझ्या बरोबरीच्या संशोधकांना माझा हेवा वाटतो.

शेवटी पुण्याला एका मोठ्या दुकानात गेले. तिथं मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं, कारण चहूकडे जाहिराती होत्या. जुन्या अंकांतल्या केशतेलानं डोकं शांत व्हायचं, स्मरणशक्ती वाढायची, केस तर यायचेच. लॅपटॉपच्या तळहात ठेवायच्या जागेवर चिकटवलेले स्टिकरही त्याच घराण्यातले. माझा अभ्यास इथं कामी आला. जाहिरातीत काय लिहिलंय ते कुणीही वाचतं. काय लिहिलेलं नाही ते बघायचं असतं.

विक्रेता मुलगा हुशार होता. "मॅडम, हा बघा, सात हजारच्या सिरीजचा. लेटेस्ट." एएमडीच्या त्या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आणि तिसरा आतल्या रचनेचा. समोरचा प्रोसेसर होता रायझन ५ ७५२०यू. तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, म्हणजे २०१९ मध्ये आलेली रचना. जन्मतारीख जुनी, फोटो नवा. मी हे म्हटल्यावर मुलानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि साहेबांना बोलावतो म्हणाला.

साहेबांनी ‘मिलिटरी ग्रेड’ दाखवला. हे अमेरिकी लष्कराचं एक चाचणीमानक आहे, मिल-स्टँडर्ड ८१०. पडणं, हादरणं, धूळ, ऊन अशा चाचण्या कशा घ्याव्यात हे त्यात आहे. त्यातल्या कोणत्या घ्यायच्या ते कंपनी ठरवते, आणि पास झाल्याचा दाखला काही लष्कर देत नाही. शिवाय अमेरिकी लष्कराला अकरावी कला शाखेच्या शेवटच्या तासाची कल्पना नसावी.

स्टोरेजची गंमत निराळीच. खोक्यावर ५१२ जीबी, आणि विंडोज उघडून पाहिलं तर ४७६. विचारलं, तर कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, असं उत्तर मिळालं. दोघांचाही हिशेब बरोबर आहे. ३६ जीबी तेवढे कुठंच नाहीत.

मग मी सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड चालू केला आणि नोटपॅडवर ‘चटकचांदणी’ टाइप करू लागले. साहेब आणि मुलगा एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना काय सांगणार? इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ड, य ही अक्षरं उजव्या कडेला असतात, इंग्रजीवाल्यांचे अर्धविराम, अवतरणचिन्हं आणि कंस जिथं राहतात तिथं. पातळ लॅपटॉपात आकड्यांचा ठोकळाही कोंबायचा झाला, की कंपनी पहिली कात्री याच कळांना लावते. इंग्रजीचं त्यावाचून अडत नाही. मराठीत मात्र च आणि ट वगळून चार ओळी लिहून दाखवा. ‘ॉ’ची कळ तर एंटरला अशी चिकटवलेली, की ‘लॅपटॉप’ लिहायला गेलं की दर वेळी नवा परिच्छेद सुरू होतो. या एका परीक्षेत दुकानातले निम्मे उमेदवार नापास झाले. तुम्हीही दुकानात बसून मराठीत एक अख्खं पान टाइप केल्याशिवाय पैसे काढू नका. लोक बघतात, बघू देत.

त्या दिवशी काहीच न घेता मी एसटीनं परत आले आणि दुसऱ्या दिवशी राजवाड्याजवळच्या बोळात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. खरं तर लोकांनी दुकानाच्या आधी इथंच जायला हवं. टेबलावर एक उघडलेलं मशीन पडलेलं होतं. त्याची बिजागरी त्यानं चिमट्यात धरून मला दाखवली. तिला प्लॅस्टिकचा एक तुकडा चिकटून आला होता आणि त्या तुकड्यात स्क्रू धरणारा इवलासा पितळी नट तसाच घट्ट बसलेला. बिजागरी टणक, स्क्रू टणक, नट टणक. आणि या तिघांना धरून ठेवणारं प्लॅस्टिक मात्र पापुद्र्याएवढं. रोज उघडझाप झाली की ते मुळासकट उपटून येतं.

"मॅडम, प्रोसेसर गेला म्हणून माझ्याकडं कुणी येत नाही," तो म्हणाला. "बिजागरी, चार्जिंगची पिन, बॅटरी आणि चहा."

"चहा?"

"परीक्षा जवळ आली की वाढतो."

त्याच्याकडून कळलं ते असं. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडावं. रॅमला एखादा तरी स्लॉट असावा, सगळीच सोल्डर केलेली नको. बॅटरी तीन-चार वर्षांत थकणारच, तेव्हा ती नंतर बाजारात मिळेल असंच मॉडेल घ्यावं. आणि वॉरंटीत कंपनीचा माणूस घरी येतो, की आपण मशीन उचलून सर्व्हिस सेंटरला जायचं, हे आधी विचारावं. आमचं सेंटर पुण्यात, म्हणजे जाऊन-येऊन अख्खी रजा. माझ्या किरकोळ रजा आधीच सरांच्या भेटींत संपतात.

मी घेतला तो थिंकपॅड. आयबीएमनं १९९२ मध्ये काढलेला, २००५ पासून लेनोवोकडे असलेला. रंग काळा, आकार चौकोनी, मध्ये लाल टिकली. जपानी जेवणाच्या डब्यावरून ती रचना सुचली म्हणतात, आणि तो दिसतोही डब्यासारखाच. भाच्यानं तर त्याला बघून तोंडच फिरवलं. रॅम १६ जीबी, एक स्लॉट रिकामा, कळा पूर्ण रुंदीच्या, चहा सांडला तर काही अंशी निभावून नेणाऱ्या. जादा पैसे भरून वॉरंटी तीन वर्षांची केली, तीही माणूस घरी येणारी. राहिली सात वर्षं; ती राजवाड्याजवळच्या बोळात भागतील.

आणि तुमच्या माळ्यावर १९६० च्या आधीचे दिवाळी अंक पडून असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. मुखपृष्ठ नसलं तरी चालेल, कथा फाटल्या असल्या तरी चालतील. मला फक्त केशतेलाची पानं हवी आहेत.