सत्तावीस इंची हौस

मुंबई-पुण्याचं ऑफिस लॅपटॉपमध्ये घालून जावळीत परतलेली पोरं आता मेढ्यात मॉनिटर निवडतात. निवडतात म्हणजे काय, मोठा कोणता ते विचारतात. शेताचा बांध इंचभर सरकला तर तहसील गाठणारी माणसं आपण; पडद्याचे इंचही तशाच चवीने मोजतो, पिक्सेल मात्र कोणी मोजत नाही. २४ इंचांवर १९२० बाय १०८० नीट दिसतं. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर ताणले की इंचामागे ९२चे ८२ होतात, अक्षरं भुरभुरीत दिसतात आणि खापर चष्म्याच्या नंबरावर फुटतं. २७ हवाच असेल तर २५६० बाय १४४० घ्यावा. पण हौशी माणूस थेट ४के आणतो! लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट जुनं, १.४चं असलं की हा राजेशाही पडदा सेकंदाला फक्त ३० वेळा ताजा होतो. माउसचा बाण केळघर घाट चढणाऱ्या एसटीसारखा सरकतो. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि मॉनिटर ठार काळा. (मीटिंग तेवढी चुकते, हा फायदाच म्हणा.) तेव्हा आधी लॅपटॉपचं पोर्ट बघा, मग यूपीएस घ्या आणि उरलेल्या पैशांत बसेल तो मॉनिटर आणा.