वादळाआधी कुठे होतात?

वादळ किनाऱ्याला धडकायचं असतं संध्याकाळी, आणि मदतीचा क्यूआर कोड आपल्या मोबाइलवर येऊन पडतो दुपारीच. एवढी घाई ज्याला झालीय, त्याची आधी चौकशी करा.

मार्च २०२०मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि काही दिवसांतच त्याच्या यूपीआय पत्त्याची नक्कल फिरू लागली. फरक केवढा? शेवटचा एक ‘एस’ गायब. गहिवरलेल्या माणसाच्या नजरेतून एक अक्षर सुटतं, तेवढ्यावर भामट्याचं भागतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २००५च्या कतरिना वादळानंतर मदतीच्या बनावट संकेतस्थळांचं इतकं पीक आलं, की न्याय खात्याला फसवणूक शोधायला स्वतंत्र पथक नेमावं लागलं.

पण भामटे ओळखणं त्या मानाने सोपं. खरी पंचाईत होते ती प्रामाणिक लोकांतून निवड करताना.

तिथे येण्याआधी एक काम उरकून घेऊ. जुने कपडे देऊ नका.

१९९८मध्ये मिच वादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला. मदतीचं सामान घेऊन आलेल्या विमानाला तिथे उतरता येईना, कारण धावपट्टीवर ढीग होते. कशाचे? जगभरातल्या भल्या माणसांनी पाठवलेल्या कपड्यांचे.

आपल्याकडची अशी एक गोणी मी उघडून पाहिली आहे. वर दोन धड साड्या. त्याखाली एकाच पायाचा बूट, चेन तुटलेली पँट, कुठल्याशा शाळेचा नावासकट गणवेश, आणि तळाला लग्नाकार्यात आलेली, पाकीटही न फोडलेली ब्लाऊजपीसं. जिच्या घराचं छप्पर उडालंय, तिने ब्लाऊजपीस शिवायला कुठे टाकायचं?

अशी गोणी निवडायला दोन माणसं अर्धा दिवस बसतात. त्या दोघांची गरज त्या वेळी कौलं चढवायला असते.

माळा आवरायचा असेल तर जरूर आवरा. त्याला मदत म्हणू नका.

तर मग पैसे. कुठे द्यायचे?

३ जून २०२० आठवा. दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड. खाली मंडणगड, दापोली. वरून लॉकडाऊन. वीज गेली ती कित्येक गावांत काही आठवडे आलीच नाही, आणि वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही.

तिथली वाडी ज्याने पाहिली नाही, त्याला नुकसान म्हणजे काय ते कळायचं नाही. सुपारी आणि माड दाटीने उभे. सुपारीच्या अंगावर मिरीचा वेल चढलेला. त्या दोघांच्या सावलीत जायफळ. सुपारी मोडली की मिरी जाते, सावली गेली की जायफळ होरपळतं. एक झाड पडलं म्हणजे तीन उत्पन्नं पडली. आणि सुपारीचं रोप लावल्यापासून पीक हाती यायला सहा-सात वर्षं.

मदतीचा किट किती दिवसांचा? तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, मेणबत्त्या. फार तर महिन्याचा.

पहिल्या आठवड्यात त्या वाडीवाल्याला काय हवं होतं? करवत. यंत्रावर चालणारी, आडवे पडलेले माड कापणारी. शिवाय ती चालवणाऱ्याची मजुरी, कारण मजूर लॉकडाऊनमध्ये आपापल्या गावी निघून गेलेले. ‘करवतीसाठी देणगी द्या’ असं आवाहन मी तरी कुठे वाचलं नाही.

डाळ-तांदळाचा फोटो येतो, करवतीचा येत नाही.

फोटोवरून आठवलं. २०१९च्या महापुरात कोल्हापूरकडे सरकारी धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो असलेले स्टिकर लागले आणि राज्यभर ओरड झाली. पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाला पहिलं दर्शन कुणाचं घडवायचं, याचाही विचार करायला कुणाकडे तरी वेळ होता.

‘सरकार भरपाई देतंच की,’ असं म्हणणारे भेटतात. देतं. पंचनामा झाला तर देतं. सातबारावर नाव असेल तर देतं.

कोकणातला सातबारा पाहिलाय कधी? एका वाडीवर पंधरा नावं. निम्मे भाऊबंद मुंबईत, दोघे वारलेले, एका आत्याचा ठावठिकाणा नाही. वाडी राखणारा एकटाच गावात. भरपाई हवी तर सगळ्यांची संमतिपत्रं आण. तीही लॉकडाऊनमध्ये!

आणि ज्याचं नाव सातबारावर कधी नव्हतंच, त्याचं काय? झाडावर चढून सुपारी उतरवणारा माणूस. अंगणात बसून ती सोलणाऱ्या बायका. वाडी गेली, तिच्याबरोबर त्यांचा रोजगारही गेला. पंचनाम्यात झाडं मोजली जातात. झाडावर चढणारा मोजला जात नाही.

तुमचे दोन हजार रुपये जायला हवेत ते इथे. सरकारी कागद जिथे संपतो, तिथे.

ही माणसं कुणाला माहीत असतात? वादळानंतर बॅनर घेऊन आलेल्या गाडीला नक्कीच नाही. गावात दहा वर्षं बचतगट चालवणाऱ्या बाईला असतात. रुग्णसेवा करणाऱ्या छोट्या संस्थेला असतात. शाळेच्या शिक्षकाला असतात. म्हणून देणगी मागणाऱ्याला मी एकच विचारतो: वादळाआधी तुम्ही इथे होतात का?

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर फार स्वच्छ मिळालं. २० सप्टेंबर २०१७ला मारिया वादळाने त्या बेटाची वीज सगळीच्या सगळी घालवली. अमेरिकेच्या आपत्ती यंत्रणेने तीन कोटी जेवणांचं १५ कोटी ६० लाख डॉलरचं कंत्राट असल्या कामाचा अनुभव नसलेल्या एका माणसाच्या कंपनीला दिलं. पोचली किती? ५० हजार. मग कंत्राट रद्द.

वर्षभराने सेइबाच्या विमानतळावर पाण्याच्या लाखो बाटल्या उन्हात पडलेल्या सापडल्या. जानेवारी २०२०मध्ये भूकंपाने हैराण झालेल्या लोकांना पोन्से शहरात एक गोदाम सापडलं. आत मारियाच्या वेळची मदत, न वाटलेली. लोकांनी दरवाजा उघडला, तेव्हा कुठे अधिकाऱ्याची नोकरी गेली.

त्याच बेटावर डोंगरात आदहुंतास नावाचं गाव आहे. तिथे खाणींविरुद्ध लढायला १९८०मध्ये लोकांनी ‘कासा पुएब्लो’ ही संस्था काढली. तिच्या छपरावर वादळाच्या कितीतरी आधीपासून सौरऊर्जा होती. बेट अंधारात गेलं तेव्हा या इमारतीत दिवे होते. श्वासाचं यंत्र लागणारी माणसं चार्जिंगला तिथे आली. मग संस्थेने गावोगाव सौरकंदील वाटले, हजारोंनी. कुठल्या घरात कोण आजारी आहे, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

बाहेरचा माणूस चालतच नाही असंही नाही. होसे आंद्रेस हा आचारी वॉशिंग्टनहून गेला. त्याने तिथलेच स्वयंपाकी आणि तिथलीच स्वयंपाकघरं हाताशी धरली आणि तीस लाखांहून जास्त जेवणं घातली. स्वतःची चूल डोक्यावर घेऊन येणारा आणि गावाची विझलेली चूल पेटवणारा, यांतला फरक पाहायचा.

मोठं नाव म्हणजे भरवसा, हेही तपासून घ्या. २०१०च्या हैती भूकंपासाठी अमेरिकन रेड क्रॉसकडे जवळजवळ ५० कोटी डॉलर जमले. पाच वर्षांनी प्रोपब्लिका आणि एनपीआरच्या पत्रकारांनी कायमची बांधलेली घरं मोजली. सहा भरली. दुरुस्त्या केल्या, भाडी दिली, असं संस्थेचं म्हणणं होतं. लोकांनी पैसे दिले होते ते घरं डोळ्यांपुढे ठेवून.

छोट्या संस्थेला मात्र आपण कसं उलटं घेतो पाहा. ‘प्रशासकीय खर्च किती टक्के?’ हा प्रश्न हमखास. शून्य म्हणाली की आपण खूश. टेम्पोत डिझेल कोण भरतं? हिशेब लिहिणाऱ्या मुलीला पगार नको? हिशेब चोख हवा आणि हिशेबनीस फुकट हवा, हे कुठल्या दुकानात चालतं?

विचारायचंच असेल तर मागच्या आपत्तीचा हिशेब विचारा. जमले किती, गेले कुठे, उरले किती. ज्याच्याकडे ‘उरले’चा आकडा आहे, त्याने पैसे खरंच मोजलेत.

आता सरकारी निधी. मुख्यमंत्री सहायता निधीला द्यायला हरकत नाही, पण तो एकट्या वादळाचा नसतो. गरीब रुग्णांच्या उपचारालाही त्यातूनच मदत जाते. चांगलं काम आहे. फक्त आपला पैसा श्रीवर्धनलाच गेला, असं धरून चालू नका. आणि कंपन्यांचं म्हणाल, तर पीएम केअर्सला दिलेला पैसा सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सक्तीचा सामाजिक खर्च, म्हणून धरला जाईल आणि मुख्यमंत्री निधीला दिलेला धरला जाणार नाही, असं केंद्राने एप्रिल २०२०मध्येच सांगून टाकलं. वादळ राज्यात येतं, तरी कंपन्यांच्या पैशाला दिल्लीची वाट धरायला सांगितली जाते. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

‘ऐंशी-जीची करसवलत मिळेल ना?’ हा प्रश्न तर आधी येतो, कणव मागाहून. मिळेल, पण जुनी करपद्धत निवडली असेल तर. दोन हजारांवरची रोख रक्कम धरली जात नाही. कपडे-धान्य तर मुळीच नाही. नव्या पद्धतीत ही सवलतच नाही. म्हणजे सवलतीपायी अडून बसलेल्यांपैकी अनेकांची अडचणही आता उरली नाही. द्या की मग.

कधी द्यायचे, हे कुणी विचारतच नाही.

मारियात सरकारी आकडा जवळपास वर्षभर ६४ बळींवर थांबला होता. मग जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यास आला आणि सरकारने आकडा मान्य केला: २,९७५. बाकीचे वाऱ्याने गेले नाहीत. वादळ ओसरल्यावरच्या महिन्यांत गेले. वीज नाही, औषध नाही, रस्ता नाही. सगळ्या घरांत वीज परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. कॅमेरे तोवर किती दिवस थांबले असतील?

आधी दिलेल्या पैशाचीही गोष्ट आहे. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. मे २०१९मध्ये फनी आलं. सुमारे १२ लाख लोकांना आधीच हलवलं होतं. मृत्यू ६४. प्रत्येक मृत्यू वाईटच, पण दहा हजार कुठे आणि ६४ कुठे! निवारा बांधायला मदत मागा, खिसे शिवलेले. तोच निवारा नाही म्हणून माणसं वाहून गेली, की खिसे उसवतात.

तेव्हा पुढच्या वादळात पहिल्या दिवशी मोबाइल खाली ठेवा. आठवड्याने त्या तालुक्यातल्या संस्थेला फोन लावा. पत्रक वाचून दाखवायला लागले तर थांबवा आणि विचारा: तुमच्या गावाला तालुक्याहून शेवटची एसटी किती वाजता? ज्याला ते तोंडपाठ आहे, त्याचा खाते क्रमांक लिहून घ्या.

अर्धी रक्कम तेव्हा द्या. उरलेल्या अर्ध्यासाठी मोबाइलमध्ये पुढच्या मे महिन्याची तारीख लावून ठेवा. वाडीत रोपं लावायला खड्डे तेव्हा घेतात.