ओलावा वजा जाता

अकोल्याची माणसं दोन गोष्टी जिव्हाळ्याने मोजतात: मे महिन्यातलं तापमान आणि कापसाचं वजन. मी बाळंतपणाला माहेरी आले आणि त्यात माझ्या लेकाची भर पडली.

जन्माला आला तेव्हा 3 किलो. चौथ्या दिवशी 2 किलो 800. आईने लगेच माझ्याकडे पाहिलं. काट्यावर लेकरू ठेवतात, पण तोलली जाते ती बाळंतीण. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पहिल्या दिवसांत अंगातलं जादा पाणी उतरतं, सात-दहा टक्क्यांपर्यंत वजन घटतं आणि दोनेक आठवड्यांत भरून येतं. बाबांची हयात जिनिंगच्या काट्यावर गेलेली. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजे ओलावा! आठ टक्क्यांच्या वर गेला तर कटती. हा तं सातच्या आत हाये. माल चोख हाये, बाप्पा!"

अमरावतीहून सासूबाईंचा फोन रोज. "लेकरू रडते कायले? दूद पुरत नसन." मग इकडून डिंकाचे लाडू, तिकडून अळिवाचे. वजन वाढलं, आधी माझं.

सव्वा महिन्याने सासरी गेले तर शेजारी डब्याच्या दुधावरचं एक टमटमीत पोट्टं. 1992 च्या कायद्याने दुधाच्या डब्यावर बाळाचा फोटो छापायला बंदी आहे; शेजारच्या कडेवरच्या बाळाला हा कायदा लागू नाही. सासूबाई त्याला रोज पाहून येत आणि आमच्याकडे पाहून सुस्कारा टाकत.

अंगावर पिणारं लेकरू पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढतं, पुढे वेग जरा कमी होतो. पण जुने वाढीचे तक्ते अमेरिकेतल्या ओहायोच्या, मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या लेकरांवरून काढलेले. त्यांच्याशी ताडून पाहिलं की धडधाकट पोरही मागे पडल्यासारखं दिसे, आणि घरात डबा येई. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतली आईच्या दुधावरची लेकरं मोजून 2006 मध्ये नवे तक्ते काढले. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आई, यात आपल्या दिल्लीची पण लेकरं आहेत."

"दिल्लीची हायेत न? अमरावतीची एकतरी हाये काय?"

निकालासाठी अंगणवाडीत गेलो. ताईंनी लेकाला काट्याच्या झोळीत घातलं, कार्डावर टिंब काढलं आणि सासूबाईंनाच विचारलं, दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओले होतात का? होतात. वारंवार पितो? पितो. खेळतो? "खेळते कायचं, धिंगाना घालते!" मग रोज काटा पाहू नका, रेघ वर चाललीय ना तेवढं पाहा, ताई म्हणाल्या. याच जिल्ह्यात मेळघाट आहे. तिथे कार्डावरची रेघ खाली वळली तर कुणाला विनोद सुचत नाही. ताईंचं बोलणं म्हणून सासूबाईंनीही मानलं. तेच मी रोज सांगत होते, पण सुनेच्या तोंडचं कोण ऐकतं!

पाचव्या महिन्यात वजन दुप्पट झालं. 6 किलो! दोन्ही घरांनी फोनवर श्रेयाची वाटणी केली: पहिला किलो अकोल्याच्या डिंकाचा, पुढचे दोन अमरावतीच्या अळिवाचे. दुधाचं नाव कुणी काढलं नाही.