पगार झाला का?

‘पगार’ हा शब्द मराठीत नाम आहे. पोर्तुगीजांकडे मात्र तो साधं क्रियापद आहे : पैसे चुकते करणे. व्याकरण धरून बसलं तर ‘पगार देणे’ म्हणजे ‘देणे देणे’. उशिरा पगार देणाऱ्या मालकालाही ते तसंच वाटत असावं.

या क्रियापदाचं मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. ‘पाक्स’ म्हणजे शांतता. रोमन फौजा जिंकलेल्या मुलखाला ‘शांत’ करत, ते तलवारीने. पुढे सावकाराला शांत करायची वेळ आली तेव्हा पैसे मोजावे लागले आणि अर्थ बदलला. दोन स्वरांमधला ‘क’ पोर्तुगीजात मऊ पडून ‘ग’ झाला, जसा ‘अमिकुस’चा ‘अमिगो’, आणि शेवटचा ‘ए’ गळाला. इंग्रजी ‘पे’ फ्रेंचमधून आला, पण आजोळ तेच.

हे क्रियापद आपल्याकडे आलं ते पोर्तुगीजांबरोबर. कोकणातल्या रोह्याची कुंडलिका नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथे चौलला पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून 1740पर्यंत होते. नदीच्या मुखावरच्या कोर्लईत त्यांच्या भाषेतून घडलेली ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, अजून बोलतात. चावी, बादली, घमेलं हे शब्द वस्तूंबरोबर आले नि वस्तूच राहिले. ‘पगार’ तेवढा क्रियापद म्हणून आला आणि इथे नाम म्हणून कायम झाला.

रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यातला कामगार मोबाइल वाजला की शेजाऱ्याला विचारतो, ‘‘पगार झाला का?’’ पाऊस होतो, तसा पगार होतो. देणारा वाक्यात कुठेच नाही. पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याने आधीच ‘उचल’ घेतलेली असली, तर हिशेबाच्या दिवशी शांत व्हायचं ते त्यानेच. बिनपगारी फुल अधिकारी तर दोन्ही गावांत मुबलक आहेत, मूर्तीच्या रंगापासून कारखान्याच्या धुरापर्यंत मत द्यायला.

खुद्द पोर्तुगीज मासिक वेतनाला ‘सालारियु’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘साल’, म्हणजे मीठ. मिठागरं पेणच्या खारेपाटात, आणि शब्द लिस्बनला! लिस्बनच्या हॉटेलात रोहेकराने ‘पगार’ म्हटलं, तर वेटर बिल आणून ठेवतो.