येण्याआधी कचऱ्याविषयी थोडंसं

ती. आई व ती. अप्पा यांस,


तुमचा व्हिसा झाल्याचं कळल्यापासून तुमचे चिरंजीव रोज रात्री जेवताना तुम्हाला काय काय दाखवायचं याची यादी करतायत. यादीत राजवाडे आहेत, मोटारींचं संग्रहालय आहे, टीव्ही टॉवर आहे. कचरा नाही. आता राजवाड्याशी तुमचा संबंध एकदा येणार, कचऱ्याशी दिवसातून दहा वेळा. म्हणून तो विषय मी अंगावर घेतलाय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर अप्पा "बरं बरं, नातवाला दे" म्हणतात. कागदावरचं मात्र ते बाजार समितीच्या पावतीसारखं दोनदा वाचतात.

तर इथे जर्मनीत आमच्या ओट्याखाली चार डबे आहेत. भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं तपकिरी डब्यात, आणि तीही वर्तमानपत्रात पुडी बांधून. प्लास्टिकच्या पिशवीत घालून अजिबात नाही. कागद-पुठ्ठा दुसऱ्यात. करड्या डब्यात ज्याला कुणीच वाली नाही ते. आणि पिवळ्या पिशवीत दुधाचा खोका, बिस्किटाचं वेष्टन, दह्याचा डबा. दह्याच्या डब्यापाशी जरा थांबा. त्याच्यावरची चंदेरी चकती पूर्ण ओढून वेगळी करायची, डब्याभोवतीचा पुठ्ठा सोडवून कागदात टाकायचा, मग डबा आणि चकती दोन्ही पिवळ्यातच, पण एकमेकांपासून सुटे. कारण पुढे कारखान्यात निवडणारं यंत्र असतं आणि डब्याला चकती चिकटलेली असली की त्याला हे प्लास्टिक की धातू ते उमगत नाही.

याच न्यायाने प्लास्टिकची फुटकी बादली पिवळ्यात जायला हवी ना? तर नाही! बादली ही वस्तू आहे, वेष्टन नाही. १९९१ साली इथे नियम झाला की जो वेष्टन बाजारात आणेल त्यानेच त्याच्या विल्हेवाटीचा खर्च उचलायचा. बिस्किटवाल्याने ते पैसे भरलेत, बादलीवाल्याने भरलेले नाहीत. अप्पांना हे एका वाक्यात पटेल, मला पटायला वर्ष गेलं.

हे सगळं लोक निसर्गप्रेमापोटी करतात असं चिरंजीवांच्या ऑफिसातले लोक सांगतात. मला विचाराल तर यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे पैसा: करडा डबा जेवढा मोठा, तेवढं बिल मोठं. दुसरं कारण तळमजल्यावर राहतं. त्या आजीबाई तुमच्याच वयाच्या आहेत, आई, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर इमारतीच्या डब्यांसमोर उघडते. मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी तपकिरी डब्यात प्लास्टिकची पिशवी टाकली. गाडीवाल्यांनी झाकण उघडलं, पाहिलं, डब्याला लाल चिठ्ठी अडकवली आणि डबा तसाच भरलेला ठेवून निघून गेले. ऐन जुलैत. संध्याकाळपर्यंत जिन्यात आजीबाईंच्या सुवाच्य अक्षरातली सूचना लागली. तिच्यात नाव कुणाचंच नव्हतं, पण पुढचे आठ दिवस जिन्यात सगळे एकमेकांना जरा जास्तच अदबीने नमस्कार करत होते.

काचेचं वेगळंच. कोपऱ्यावर तीन मोठ्या पेट्या आहेत, पांढरी, तपकिरी आणि हिरवी. निळी बाटली आली तर ती हिरवीत. लोणच्याची बरणी चालते, पण फुटलेला काचेचा पेला चालत नाही, कारण पेल्याची काच वेगळ्या जातीची असते आणि भट्टीत बाटलीच्या काचेबरोबर नीट वितळत नाही. आणि रविवारी तर काच टाकायचीच नाही, कारण आवाज होतो. अप्पा, तुम्हाला दुपारी झोपताना शांतता लागते म्हणून इतकी वर्षं आम्ही तुम्हाला नावं ठेवली. इथे तुमच्या त्या मताचा कायदा आहे.

आता अप्पांच्या आवडीचं प्रकरण. पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की दुकानदार वर पंचवीस सेंट अनामत घेतो. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या भोकात सारली की ते तिला गोल फिरवून तिच्यावरच्या पट्ट्या वाचतं आणि पैशाची चिठ्ठी देतं. बियरच्या काचेच्या बाटलीला आठ सेंट. (हे मला कसं माहीत, ते चिरंजीवांना विचारा.) बाटली चेपलेली नको, कागद फाटलेला नको. तुमचे चिरंजीव, ज्यांनी लातुरात कधी रद्दीचा गठ्ठा उचलून दारापर्यंत नेला नाही, ते शनिवारी सकाळी दोन पोती बाटल्या घेऊन रांगेत उभे असतात आणि चिठ्ठी मिळाली की विजयी वीरासारखे परततात. विमानातली बाटली मात्र सांभाळून आणू नका. तिच्यावर इथली खूण नसते. यंत्र ती परत बाहेर ढकलतं आणि मागे उभी असलेली माणसं सुस्कारा सोडतात.

संध्याकाळी स्टेशनात फिरायला गेलो तर तुम्हाला चांगल्या कोटातले म्हातारे बॅटरी लावून कचऱ्याच्या डब्यात डोकावताना दिसतील. ते बाटल्या गोळा करतात, पेन्शन पुरत नाही म्हणून. त्यांना हात घालावा लागू नये म्हणून बरेच लोक रिकामी बाटली डब्याच्या बाहेर उभी ठेवतात. ह्या देशाबद्दल चिरंजीव भरभरून सांगतील तेव्हा हेही त्यांना सांगायला लावा.

लग्नानंतर आम्ही पुण्यात होतो तेव्हा सकाळी दारात डबा ठेवला की आमचं पर्यावरणाचं काम संपायचं. पुढचं सगळं 'स्वच्छ'च्या ताई करायच्या. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था, २००८ पासूनची. तिच्याही मागे १९९३ साली डॉ. बाबा आढाव वगैरे मंडळींच्या पुढाकाराने उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. इथे आल्यावर लक्षात आलं की जर्मनांचे डबेही तेच, कागद, काच, पत्रा. फक्त इथे कष्टकरी आम्ही. आपण तिकडे छातीठोकपणे म्हणतो की आमच्याकडे काही वाया जात नाही. खरंच जात नाही. पण आई, तुमचा अपवाद सोडला (दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही), तर ते वाया जाऊ न देणारे हात आपले नसतात. इथे दह्याची चकती सोलताना मला त्या ताई फार आठवतात. त्या आमचा अख्खा मजला दहा मिनिटांत निवडायच्या.

पाण्याचं मात्र तुम्हाला कुणी काही शिकवू नये. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पुढे पन्नास, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना जर्मन माणूस काय सांगणार? इथलं पाणीही लांबूनच येतं. बोडेनसे म्हणून मोठं तळं आहे. १९५८ पासून तिथलं पाणी तीनशे मीटर उंच डोंगरावर चढवून नळाने इकडे सोडतात, साधारण चाळीस लाख लोकांना. पण टँकर नाही, वार ठरलेला नाही, चोवीस तास धार. तरीही लोक जपून वापरतात. १९९० साली माणशी दिवसाला १४७ लिटर लागायचं, आता सव्वाशेच्या आसपास.

आणि गंमत ऐका. एवढं वाचवलं की काही ठिकाणी नळांतून आणि गटारांतून पाणी नीट खेळेनासं झालं. साचू लागलं, वास येऊ लागला. शेवटी पाणीखात्यालाच चांगलं पाणी सोडून नळ्या धुवाव्या लागतात. हे वाचल्यापासून तुमचे चिरंजीव वीस-वीस मिनिटं शॉवरखाली उभे राहतात आणि त्याला समाजकार्य म्हणतात. पाणी गरम करायचं बिल वेगळं येतं, ते समाजकार्यात धरलेलं नाही. तुमच्यासाठी मी तुर्की दुकानातून बादली आणि मग्गा आणून ठेवलाय.

पावसाचंही बिल येतं. चेष्टा नाही. छपरावर आणि फरसबंद अंगणावर पडलेला पाऊस गटारात गेला तर त्या जागेच्या चौरस मीटरवर आकार लागतो. ह्या राज्यात २०१० च्या कोर्टाच्या निकालानंतर हे सगळीकडे आलं. ज्याने अंगण उखडून माती मोकळी केली, छपरावर गवत लावलं, त्याला सूट. म्हणून घरोघरी पन्हाळीखाली पिंप असतं. मराठवाड्यात पाऊस पडत नाही आणि इथे पडला की पैसे मागतात, यावर अप्पांनी एक कडक पत्र लिहावं आणि ते कुणाला पाठवायचं ते नंतर बघू.

अप्पांसाठी सोय केली आहे. गावाबाहेर सोसायटीच्या बागा असतात, त्यातला एक तुकडा बऱ्याच प्रतीक्षेनंतर आम्हाला मिळालाय. चिरंजीवांच्या डोळ्यांसमोर हिरवळ, खुर्ची आणि शेगडी होती. पण निदान एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या लावल्याच पाहिजेत असा दंडक आहे, आणि समिती फेरी मारून बघते. झोपडीसुद्धा चोवीस चौरस मीटरच्या वर नको. सध्या मेथी, टोमॅटो, भोपळा असं चाललंय. दसऱ्यासाठी झेंडू लावला होता, तो गोगलगायींनी एका रात्रीत बुडख्यापर्यंत खाल्ला. विनाशंखाच्या, बोटभर लांब, तांबूस. औषध मारायचं नाही असा आमचाच नियम, म्हणून अंधार पडला की नातू कपाळाला दिवा बांधून त्या वेचून डब्यात टाकतो. अप्पांना काही उपाय माहीत असेल तर त्यांची वट वाढेल, शेजारचे सगळे हैराण आहेत.

पण खरी दाखवायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती चिरंजीवांच्या यादीत मी पेनाने घातली आहे. इथून जवळ श्वेबिश आल्ब म्हणून उंच, खडकाळ, पाणी न धरणारं पठार आहे. थेट आपल्याकडची बरड. तिथे पूर्वी मसूर पिकायची. परवडेना म्हणून गेल्या शतकाच्या मध्यात लोकांनी ती सोडली आणि बाहेरची मसूर स्वस्तात येऊ लागली. इथलं आवडतं जेवण म्हणजे मसूर आणि शेवयांसारखा एक प्रकार, आणि त्यातली मसूर परदेशी! १९८५ च्या सुमारास वोल्डेमार मामेल नावाच्या शेतकऱ्याने ती पुन्हा पेरायला सुरुवात केली. पण जुनं गावठी बियाणं कुठे मिळेना. ते सापडलं २००६ साली, थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात. मूठभर दाण्यांपासून वाढवत नेलं, आता कितीतरी शेतकरी मिळून पिकवतात.

मसुरीचं रोप लुसलुशीत, जमिनीवर लोळतं. म्हणून तिच्याबरोबर सातू किंवा ओट पेरतात. त्याला धरून ती उभी राहते, दोन्ही एकत्र कापतात आणि नंतर चाळून वेगळं करतात. नत्र ती स्वतःच मातीत आणते, वरून खत फारसं लागत नाही. अप्पा म्हणतील यात नवीन काय, आपण सोयाबीनमध्ये तूर घेतोच. नेमकं तेच तिथल्या शेतकऱ्याला सांगा, मी दुभाषी होईन. फक्त भाव विचारल्यावर चेहरा शांत ठेवा. बाजार समितीत तुम्ही आयुष्यभर डाळीचे भाव लिहिलेत, असा आकडा कधी लिहिला नसेल.

येताना काय आणू नये तेही सांगते. पेढे, खवा, तूप, काही नाही. दुधाचा कुठलाही पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. बियाणं तर मुळीच नको, त्याला तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. अप्पा, हे मी तुमच्या कोटाच्या आतल्या खिशाला उद्देशून लिहिते आहे. अंबाडी राहू द्या. काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर आणा.

शेवटचं. इथे आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकते आणि ती अडकली की सुटका नाही, फरशी, कठडा, पायपुसण्याखालची धूळसुद्धा. तुम्ही उतरणार त्याच आठवड्यात पाटी आमच्या दारावर येते आहे, आणि नेमकं त्याच आठवड्यात तुमच्या चिरंजीवांना ऑफिसच्या कामाने परगावी जायचंय असं त्यांना काल अचानक आठवलं. आजीबाईंनी मला डब्यांपाशी गाठून विचारलं, सासरे येतायत म्हणे, निवृत्त आहेत का? मी हो म्हणाले. प्रकृती ठणठणीत आहे का? त्यालाही हो म्हणाले. त्यांनी एप्रनच्या खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
सून