अध्यक्षपदी येडी बाभळ

निसर्ग आणि पर्यावरणावर लेखकांचं संमेलन भरवायचं ठरलं की संयोजक आधी धबधबा शोधतात. मग महाबळेश्वर, आंबोली, भंडारदरा, अगदीच निधी कमी असला तर चिखलदरा. समोर हिरवळ असल्याशिवाय लेखकाला पर्यावरणाची काळजी वाटत नाही, असा आपल्याकडे पक्का समज आहे. म्हणून समस्त ढोकीकरांच्या वतीनं हे जाहीर निमंत्रण: पुढचं निसर्गलेखकांचं संमेलन धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीला घ्या. धबधबा नाही, पण साखर कारखाना आहे. रेल्वे स्टेशन आहे. आणि ऊन म्हणाल तर कुणाकडे मागायला जावं लागत नाही.

आमच्या भागाला संमेलनाचा अनुभव नाही असं समजू नका. झाडापाखरांची माणसं अध्यक्ष म्हणून मिळण्याचा योग दुष्काळी पट्ट्याच्याच पत्रिकेत आहे. २००६ साली शेजारच्या सोलापूरच्या साहित्य संमेलनात मारुती चितमपल्ली अध्यक्ष होते. जानेवारी २०२० मध्ये ९३वं संमेलन आमच्याच जिल्ह्याच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादला झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचा हिरवा पट्टा वाचवायला रस्त्यावर उतरलेले. उद्घाटक ना. धों. महानोर, कविता आणि जलसंधारण दोन्ही एकाच रानात करणारे. पाण्याविषयी विचारायला याहून चांगली जोडी कुठून आणणार? आपण मात्र चर्चा केली ती अध्यक्षांच्या धर्माची. पुढच्याच महिन्यात बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन झालं. सयाजी शिंदे आणि त्यांच्या मंडळींनी तिथं अध्यक्ष म्हणून चक्क वडाचं झाड निवडलं. अध्यक्षीय भाषण झालं नाही, कुणाला उद्देशून टोमणा नाही, निवेदनाचा खुलासा नाही. मराठी संमेलनांच्या इतिहासात इतका निर्धोक अध्यक्ष झाला नसेल.

ढोकीच्या संमेलनाला आम्ही एक पायरी पुढे जाणार आहोत. वड मोठा, मानाचा; त्याला सुवासिनींचा पाठिंबा आहे. आमचा प्रस्ताव येडी बाभळ. तिला कुणी लावलं नाही. तिच्या रोपणाचा फोटो निघाला नाही. ठिबक नाही, अनुदान नाही, पीकविमा नाही. नदीचं पात्र, गायरान, बंद कचेरीचं आवार, जिथं जिथं आपण लक्ष देणं सोडलं तिथं तिथं ती आपणहून रुजू झाली. मूळची ती अमेरिका खंडातली, त्यामुळे परकी म्हणून कुणी पत्रक काढेल. काढू द्या. निदान धर्म विचारायची सोय नाही.

स्वागताध्यक्ष कोण, यावर मात्र वाद नको. हे पद साखरेच्या वळणाचं असतं हे महाराष्ट्राला पाठ आहे. आम्ही मधला माणूस काढून टाकला. स्वागताध्यक्ष थेट ऊस. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि स्वागताध्यक्षांची तहान दोन हजारांच्या पुढची. वरचा हिशेब बोअर भागवतं. बोअर दमलं की आणखी खोल जातं. माधवराव चितळे यांच्या जल व सिंचन आयोगानं १९९९ साली सांगून ठेवलं होतं की तुटीच्या खोऱ्यात ऊस नको. अहवाल वजनदार होता, त्यामुळे कपाटातून खाली काढणं अवघड गेलं असावं. तेरणा कारखान्याचं धुराडं हे आमच्या गावाचं शिखर. कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिला, मग भाड्यानं चालवायला देण्याचा खेळ झाला. धुराड्यातून धूर निघाला तर गाव खूश, नाही निघाला तर हवा शुद्ध. एवढा समतोल साधणारं दुसरं गाव दाखवा! चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, उसाशिवाय हमखास भाव आणि उचल देणारं पीक शेतकऱ्यापुढे ठेवलंय कोणी? तो प्रश्न परिसंवादात कुणी घेत नाही. त्यात उपमा बसत नाहीत.

उद्घाटन रेल्वे स्टेशनवर होईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती याच रुळांवरून. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ढोकीला तिचा थांबा नव्हता. तहानलेल्या गावासमोरून पाणी जाणं, यावर काव्यवाचन ठेवू. कवींना वेळ मात्र गाडी स्टेशन ओलांडायला जेवढी घेते तेवढीच.

‘नदी : एक प्रतीक’ हा परिसंवाद थेट तेरणेच्या पात्रात. मे महिन्यात तिथं खुर्च्या मांडायला मोकळी जागा असते. सत्काराला पुष्पगुच्छाऐवजी रोप द्यायची नवी पद्धत आम्ही पाळणार नाही. ही रोपं लॉजच्या खिडकीत राहतात आणि चार दिवसांनी झाडणारी बाई ती कचऱ्यात टाकते. त्याऐवजी प्रत्येक पाहुण्याला एक रिकामी घागर आणि हापशाचा पत्ता. भरून आणलेली घागर हेच स्मृतिचिन्ह.

निमंत्रितांची निवडही साधी. तेर आमच्या शेजारी. तिथं गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटून कच्चं मडकं ओळखलं होतं, आणि नामदेवांचीही गय केली नव्हती. आम्ही थापटणार नाही, एकच विचारू: तुमच्या घरी नळाला येणारं पाणी कोणत्या धरणातलं? ज्यांना उत्तर येईल त्यांना व्यासपीठावर जागा. उरलेल्यांना मंडपात. मंडप मोठा लागेल.

प्रमुख पाहुणा आधीच येऊन गेलाय. २०२४च्या अखेरीस टिपेश्वरच्या जंगलातून एक वाघ चारशेहून अधिक किलोमीटर चालत आमच्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पोचला. प्रवासखर्च मागितला नाही, वातानुकूलित खोली मागितली नाही, निमंत्रणपत्रिकेत नाव मागेपुढे झालं म्हणून रुसला नाही. आपण काय केलं? त्याला पकडून परत पाठवायला पथकं बोलावली. बोलावल्याशिवाय आलेल्या पाहुण्याला आपण ओळखतच नाही.

तेव्हा संयोजकांना हात जोडून एवढंच: तारीख जानेवारीतली धरू नका. जानेवारीत आमच्याकडे हुरडा असतो, गारवा असतो, शिवार डोलतं. पाहुणे खूश होऊन जातात आणि दुष्काळावर नुसती हळवी पानं लिहितात. मे महिन्याचा दुसरा आठवडा धरा. दुपारी दोनचं सत्र ठेवा, पंखा न लावता. आणि पाण्याची बाटली ज्यानं त्यानं घरून आणावी. गावात टँकरची पाळी दिवसाआड असते.