खिडकीतले नाना

पनवेल हे हार्बर लाइनचं शेवटचं स्टेशन, म्हणजे सकाळी पहिलं. गाडी इथूनच सुटते, म्हणून खिडकी मिळते. हार्बरला फास्ट लोकल नाही. सीएसएमटीपर्यंत ऐंशीएक मिनिटं कुठे गेली नाहीत. माणसाला खिडकी आणि एवढा वेळ दिला की त्याला काहीतरी सुचणारच. आमच्या ग्रुपमधल्या नानांना ॲप सुचतात.

"लिहून घे रे," खांदेश्वर यायच्या आत सुरुवात. "डब्याचं ॲप. आपला स्टीलचा डबा कुणाकडे गेलाय, कुणाचा आपल्याकडे पडलाय. रिकामा परत करता येत नाही, तर आत काय घालायचं. मागच्या खेपेला त्यांनी चकल्या दिल्या असतील, तर ॲप बजावणार: मूठभर साखरेवर भागणार नाही."

खारघरला आहेराचं ॲप. बेलापूरला देहरंग धरणाचं पाणी आज नळाला येणार का, याचं. (आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरून "पाणी आलं गंऽऽ!" अशी हाक येते. ते नोटिफिकेशन आजवर चुकलेलं नाही.) कुणी लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर ॲप उघडलं की नाना खिडकीबाहेर बघतात. ते म्हणे आधी त्यांच्याच डोक्यात होतं.

इतकी वर्षं नानांना एक भक्कम आधार होता: "डेव्हलपर मिळत नाही रे." यंदा तो गेला. एआयला मराठीत सांगून पुतण्याने एका रविवारी दुपारी, दोन चहांच्या मधे, दुधाच्या हिशोबाचं ॲप करून हातात ठेवलं. नाना इतके हादरलेले मी पाहिले नव्हते. सुचलेली गोष्ट आता वापरावी लागणार होती.

वहिनींचा दुधाचा हिशोब कालनिर्णयवर असतो. मी पाहिलाय. १७ तारखेला फुली, म्हणजे दूध आलं नाही. २१ला '+½', पाहुणे. २४ला 'बाई खाडा', आणि कोपऱ्यात, चंद्रोदयाच्या वेळेला धक्का न लावता, 'सिलिंडर लावला'. आद्य स्प्रेडशीट समजली जाणारी व्हिजिकॅल्क आली १९७९ साली. जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय १९७३चं. चौकटी आमच्या भिंतीवर सहा वर्षं आधी लागल्या होत्या.

महिना संपला. ॲप म्हणालं ३१ लिटर. ते रोज आपणहून एक लिटर मांडत होतं आणि खाडे मांडायला नाना विसरले होते. कालनिर्णय म्हणालं साडेअठ्ठावीस. दूधवाल्याने दोन्ही नीट पाहिलं.

"नाना, हे ॲप बेस आहे," तो म्हणाला. "सगळ्या गिऱ्हाइकांना द्या."

पैसे साडेअठ्ठावीसचेच गेले. नाना मात्र खचले नाहीत. सोमवारी खिडकीत बसताच म्हणाले, "चूक माझी. युजरला विचारलंच नाही मी." मग रात्री त्यांनी विचारलं. वहिनींची तक्रार एकच निघाली: कॅलेंडरजवळचं पेन जागेवर राहत नाही, तुम्ही शब्दकोड्याला उचलून नेता.

मंगळवारी वाशीच्या खाडीपुलापर्यंत 'पेन कुठाय' या ॲपची सगळी मांडणी झाली. घरी परतले तेव्हा वहिनींनी खिळ्याला दोरा बांधून पेन लटकवलं होतं.

नानांनी दोरा ओढून पाहिला. सोफ्यापर्यंत पुरत नव्हता.

"छान," ते म्हणाले, "पण रेंज कमी आहे."